पैमाश झाली, कदर राहिली

२०१४ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. निकाल लागून दोन-तीन दिवस झाले होते. आम्ही तेव्हाही सुकापूरलाच राहत होतो, माथेरान रस्त्याच्या आतल्या बाजूला. संध्याकाळी दारावर थाप पडली. पाहते तर माझ्या सहावीच्या वर्गातल्या दोन मुलींची दादी. मुली चुलत बहिणी, एकाच घरात राहणाऱ्या. कुटुंब मूळचं परभणीकडचं. दादी रोज कुराण वाचते, त्यामुळे अक्षरओळख आहे. पण शाळेत कधी गेलेली नाही, उर्दू वाचून अर्थ लावण्याची सवय नाही. तिने दोघींची प्रगतिपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, 'विशेष प्रगती'च्या चौकटीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "टीचर, दोनों पे एकच बात लिखे क्या? अक्षरां तो एकसरीखे दिखरे."

सारखंच होतं. दोघीही 'वर्गात लक्षपूर्वक ऐकतात', दोघींनाही 'वाचनाची आवड' आणि दोघींनीही 'हस्ताक्षराकडे लक्ष देणे आवश्यक'. वर्गशिक्षिका मी. वाक्यं मात्र माझी नव्हती. मराठी शाळांत फिरणारी तयार नोंदींची यादी कुणीतरी उर्दूत करून आणली होती. आम्ही सगळे त्यातूनच उतरवत होतो.

मी काहीतरी सारवासारव केली. दादी भांडायला आलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चहा घेता घेता तिनेच मग दोन्ही नातींबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकत बसले. ते काय होतं ते शेवटी सांगते. त्याआधी ही 'विशेष प्रगती'ची चौकट आपल्या प्रगतिपत्रकावर आली कशी, तो इतिहास पाहू. बी.एड.ला असताना मी हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. दादी येऊन गेल्यावर ते पुन्हा वाचलं.

सुरुवात एका शब्दापासून करते. मराठीत आपण 'मूल्यमापन' म्हणतो. उर्दू शाळांत त्यालाच 'कदरपैमाई' म्हणतात. दोन्ही शब्दांची घडण एकच आहे, मूल्य आणि माप, कदर आणि पैमाई. यातले दोन्ही उर्दू तुकडे मराठीलाही परके नाहीत. 'कदर करणे' आपण रोज म्हणतो. जमिनीच्या मोजणीला 'पैमाश' म्हणायची पद्धत जुन्या मराठी कागदपत्रांत आहे. आमच्या पनवेल तालुक्यात तर जमीनमोजणी म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलांच्या बाबतीत आपल्याकडे पैमाश नेमाने होत आली आणि कदर मागे राहिली, असं मला वाटतं.

ही पैमाश सरकारी शिरस्त्याने सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने एक नियमावली आली. शाळेचं अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि हिशेबातल्या परीक्षेवर ठरू लागलं. याला 'निकालावर अनुदान' म्हणता येईल. त्याच सुमारास मुंबई इलाख्यातल्या खाजगी अनुदानित शाळांनाही हीच पद्धत लागू झाली. सरकारी तपासनीस येणार, इयत्तेच्या ठरलेल्या मापाने एकेका मुलाची परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितके पैसे. मूल नापास झालं की शाळेचं उत्पन्न घटलं. म्हणजे मुलातली उणीव ही शाळेची सरळ पैशातली तूट झाली. मास्तरांनी अशा वेळी काय करावं? तपासनीस जे विचारणार तेवढंच घोकून घ्यावं. जे मूल पास होईल अशी खात्री नाही, त्याच्यावर वेळ घालवू नये.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आयोगापुढे निवेदन दिलं. शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चालतं, हा त्यातला मुद्दा सर्वांना माहीत असतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणीही माहीत असते. त्याच निवेदनातला एक मुद्दा मात्र फारसा सांगितला जात नाही. निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत गरीब आणि अशिक्षित समाजांसाठी मुळीच उपयोगाची नाही, असं फुल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ज्या घरांत अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढेल? त्याचं पोट त्यावर भरणार नाही. तिथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत आणि उत्तेजन दिलं पाहिजे.

त्या निवेदनात आपला, म्हणजे मुसलमानांचाही उल्लेख आहे. मुसलमान या शाळांपासून काहीसे दूर राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची ओढ दिसत नाही, त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या शाळा थोड्याच आहेत, असं फुले नोंदवतात. शेतकरी वर्ग दूर का राहतो याचंही कारण ते देतात. एक तर दारिद्र्य आणि दुसरं म्हणजे मुलं गुरं राखायला आणि शेताकडे लक्ष द्यायला लागतात. हे गुरं राखणारं मूल लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला आणि खास उत्तेजनाची शिफारस केली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत आपल्याबद्दल सरकारदरबारी जे लिहिलं गेलं, ते बहुतेक याच वळणाचं आहे. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल घ्या किंवा महाराष्ट्रातल्या मेहमूदुर रहमान समितीचा घ्या. गळती किती, पदवीधर किती कमी, नोकरीत वाटा किती तोकडा. हे आकडे गरजेचे आहेत. उणीव मोजून दाखवल्याशिवाय हक्क मागता येत नाही. फुल्यांनीही तेच केलं. पण आयोगापुढे मांडायची भाषा आपण वर्गातही आणली. आपल्या मुलांकडे पाहताना आधी काय नाही तेच दिसायची आम्हा शिक्षकांना सवय लागली. मी स्वतःला यातून वगळत नाही.

निकालावर अनुदानाची पद्धत पुढे टीकेला पात्र ठरली आणि १९०४ च्या सरकारी शिक्षणविषयक ठरावाने तिला निरोप दिल्याचं जाहीर केलं. माप गेलं नाही, फक्त ते बदललं. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. तिचा मूळ हेतू चांगला होता. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधून काढायचं होतं. बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि न बदलणारी चीज आहे, या समजुतीला स्वतः बिनेंचा विरोध होता. पण कसोटी जगभर गेली तेव्हा हा विरोध मागे राहिला आणि आकडा तेवढा पुढे गेला.

ती कसोटी आपल्या दोन्ही भाषांतही आली. लाहोरच्या सी. एच. राइस यांनी उर्दू आणि पंजाबी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचं हिंदुस्तानी रूप केलं, ते १९२९ मध्ये छापलं गेलं. मराठी आणि कानडी मुलांसाठी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती नव्याने बेतली. त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. हे काम मोलाचं होतं, कारण परदेशी मुलांसाठी केलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारणं हा अन्याय आहे हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथे गिलफर्ड यांच्या प्रतिमानाच्या आधारे बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे तपासण्याचं काम झालं. एका आकड्याऐवजी अनेक पैलू, हे पुढचं पाऊलच होतं. पण तो शोध मुख्यतः हुशार मुलांचा होता. माझ्या वर्गातल्या दोन चुलत बहिणी त्या चाळणीत वर आल्या नसत्या.

मला जी वाट सापडली ती मध्येच आहे, १९३७ मधली आणि आपल्याच महाराष्ट्रातली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नव्या शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. विनोबा भावे, काका कालेलकर, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन त्यात सदस्य होते. झाकिर साहेब पुढे राष्ट्रपती झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही उर्दूचे शिक्षक त्यांना 'अब्बू खाँ की बकरी' लिहिणारे म्हणूनही ओळखतो.

या समितीचा अहवाल म्हणजे सूतकताई, असा एक समज आहे. त्यात परीक्षांवरही एक लहान भाग आहे आणि तो कडक आहे. चालू परीक्षापद्धतीने शिक्षणाचं वाटोळं केलं, असा त्याचा आशय आहे. मग पर्याय काय? समितीने दोन कामं वेगळी केली. एखाद्या भागातल्या शाळा कशा चालल्या आहेत हे तपासायचं असेल, तर तपासनिसांनी काही निवडक मुलांचा नमुना घेऊन मापन करावं. आणि एखादं मूल पुढच्या इयत्तेत जावं की नाही, हे त्याच्या शिक्षकाने ठरवावं, मुलाच्या कामाच्या काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींवरून.

मला हे वाचून थांबावं लागलं. व्यवस्था तपासायची तर मोजा. मूल ओळखायचं तर नोंदी ठेवा. आपण हे दोन्ही एकाच कागदावर करायला जातो आणि दोन्ही बिघडवतो.

नोंद म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मला कोसबाडला मिळालं. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघाची सुरुवात केली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम मांडलं आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलेलं तेच मूल, तेच कारण. ताराबाईंनी मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. गुरं चरत असताना शिकवायचं. विचार करा, वर्गात बसलेल्या शिक्षिकेच्या दृष्टीने ते मूल गैरहजर होतं. कुरणात गेलेल्या शिक्षिकेला तेच मूल दिवसभर गुरांचा कळप सांभाळताना, झाडं ओळखताना, धाकट्या भावंडाला पाठुंगळी घेताना दिसलं असेल. मूल तेच होतं, शिक्षिका कुठे उभी आहे एवढाच फरक होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने संचयी नोंदपत्रकाची शिफारस केली. मुलाची आवड, आरोग्य, स्वभाव, कामगिरी वर्षानुवर्षं एका जागी लिहीत जायची. बी.एड.च्या पेपरात यावर हमखास टीप असे. शाळेत मात्र बरीच वर्षं गुण आणि क्रमांक एवढंच चाललं. खरा बदल आला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. त्याच्या २९ व्या कलमात मुलाचा सर्वांगीण विकास, त्याच्या क्षमता आणि गुणांची जोपासना, भयमुक्त वातावरण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन हे सगळं आहे. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी त्याचा शासन निर्णय काढला. आकारिक मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं आली, दैनंदिन निरीक्षणापासून तोंडी काम, प्रकल्प आणि स्वाध्यायापर्यंत. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार, सातवी-आठवीला ४०. गुणांच्या जागी अ-१ ते इ-२ श्रेणी आल्या. आणि वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक.

या तीन चौकटींकडे आता नीट पाहा. दोन चौकटी मुलात काय आहे ते विचारतात आणि एकच चौकट काय नाही ते विचारते. फुल्यांच्या निवेदनापासून इथवर यायला १२८ वर्षं लागली. ती चौकट माझ्या हातात आली आणि मी तिच्यात यादीतलं वाक्य उतरवलं.

का उतरवलं? कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. माझ्या वर्गात तेव्हा ५२ मुलं होती. प्रत्येकाच्या तीन नोंदी, दोन सत्रं, म्हणजे ३१२ वाक्यं. ही फक्त वर्गशिक्षिकेची. विषयांच्या नोंदी आणखी वेगळ्या. सत्र संपताना आठ दिवसांत ती लिहायची. ही सबब खरी आहे. तरी ती अर्धी आहे. उरलेलं अर्धं कारण असं, की मला लिहिण्यासारखं काही माहीतच नव्हतं.

परदेशातही ही अडचण मानसशास्त्रज्ञांना जाणवली. इंग्लंडच्या रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मुलांच्या 'सामर्थ्य आणि अडचणी' यांची २५ विधानांची प्रश्नावली केली. नावात सामर्थ्य पहिलं आहे, पण तिच्या पाच गटांपैकी चार अडचणींचेच आहेत. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ साली माणसातल्या २४ गुणांची मांडणी केली: दया, चिकाटी, न्यायबुद्धी, कृतज्ञता अशी. रिचर्ड लर्नर यांनी किशोरांच्या विकासाची पाच अंगं सांगितली: क्षमता, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य आणि आस्था. या याद्या मला उपयोगी वाटतात, कारण त्या आपल्याला शब्द देतात. 'हुशार' आणि 'ढ' यांच्या पलीकडे शिक्षकाकडे शब्दच कमी असतात. पण उद्या कुणी दयेला दहापैकी सात आणि चिकाटीला पाच असे गुण देऊन वर्गात क्रमांक लावले, तर ते पुन्हा निकालावर अनुदानच झालं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात समग्र प्रगती पत्रक आहे. त्यात मूल स्वतःबद्दल लिहील, सोबती लिहितील, पालकही सहभागी होतील. कल्पना उत्तम आहे. तिची तयार वाक्यांची यादी निघाली, तर मात्र ती तिथेच संपेल.

आता दादीने काय सांगितलं ते सांगते.

मोठी नात आजूबाजूच्या बायकांचे मराठी अर्ज लिहून देत होती. रेशनकार्डात नाव घालायचं, बँकेत खातं उघडायचं, तलाठ्याकडून दाखला आणायचा. बायकांना बोलायला उर्दू, कागद मराठी आणि मधे ही अकरा वर्षांची पोर. "पूछ पूछ के लिखती," दादी म्हणाली, "गलत नाम नहीं लिखती कभी." त्या सत्रात मराठीत तिला मी क-१ दिला होता. पत्रलेखनाच्या प्रश्नात तिने मायना चुकवला होता. धाकटी वर्गात अवाक्षर बोलायची नाही. ती रोज सकाळी चाळीतल्या पाच लहान मुलांना गोळा करून शाळेच्या रिक्षेपर्यंत नेत होती. कोण कुत्र्याला घाबरतं, कोण डबा विसरतं, सगळं तिला पाठ. एक मूल मोजणीत कमी भरलं की ती परत मागे जायची.

दोघींच्या पत्रकांवर 'वाचनाची आवड' होती. वाचनाची आवड दोघींनाही नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी शंभर पानी वही घेतली. प्रत्येक मुलाला एक पान. नियम दोन ठेवले. रोज दोनच मुलांकडे मुद्दाम लक्ष द्यायचं आणि विशेषण लिहायचं नाही, घडलेली गोष्ट लिहायची, तारखेसह. 'मदतीला तत्पर आहे' असं लिहायचं नाही. 'पाणी सांडलं तेव्हा न सांगता फडकं आणलं' असं लिहायचं. रोज दोन म्हणजे ५२ मुलांची एक फेरी सव्वीस दिवसांत होते. वर्षात सहा-सात फेऱ्या. एका मुलाबद्दल सहा-सात खऱ्या गोष्टी. प्रगतिपत्रकाला तेवढ्या पुरून उरतात.

दिवाळीच्या सुट्टीत वही चाळली आणि घाम फुटला. काही पानं भरलेली होती, काही जवळजवळ कोरी. फेरीत नाव आलं होतं, तारीख होती, पुढे 'शांत बसली' एवढंच. कोरी पानं कुणाची होती? मागच्या बाकांवरच्या मुलींची. न भांडणाऱ्या, न उत्तर देणाऱ्या, रोज हजर असणाऱ्या. त्या वहीने मुलांचं माप घेतलं की नाही कोण जाणे, माझं मात्र घेतलं. पुढच्या सत्रात मी त्या पानांपासून सुरुवात केली. मधल्या सुट्टीत स्टाफरूमऐवजी पटांगणात बसू लागले. दोन घरी जाऊन आले. कुरणशाळा इतक्या जवळ असते हे मला उशिरा कळलं.

सगळं साधलं असं म्हणणार नाही. वर्ग मोठे आहेत, कामं वाढलीत. एका वर्षी तर वही अर्ध्यावरच सुटली. पण तयार यादी पुन्हा उघडली नाही.

त्या दोन बहिणींची पत्रकं पुढच्या वर्षी मी स्वतः दादीला वाचून दाखवली. मोठीच्या चौकटीत लिहिलं होतं, 'शेजारच्या चार कुटुंबांचे मराठी अर्ज अचूक लिहून दिले'. धाकटीच्या चौकटीत, 'वर्षभर पाच लहान मुलांना रोज सुखरूप शाळेच्या रिक्षेपर्यंत पोहोचवलं'. दादीने दोन्ही कागद पुन्हा शेजारी ठेवले, ओळींवर बोट फिरवलं. या वेळी अक्षरं वेगळी होती. तिने कागद घडी करून पदरात घेतले आणि धाकटीला हाक मारली, टीचरला पाणी आण म्हणून.